पिसदुऱ्याच्या शेणात सापडलेलं गवत

ज्वारीच्या पात्याच्या कडेवरून उलट्या बाजूनं बोट फिरवलं की कापतं. शेतात वावरलेल्या माणसाला हे सांगायला नको. त्या पात्यात एक प्रकारची काचच असते. गवतकुळातल्या वनस्पती मातीतल्या पाण्याबरोबर सिलिका शोषतात आणि पेशींत साठवून ठेवतात. पान कुजलं, जळलं किंवा गुराच्या पोटातून गेलं, तरी सिलिकाचे ते सूक्ष्म कण टिकतात. त्यांना फायटोलिथ म्हणतात. गवताच्या गटागणिक त्यांचा आकार बदलतो, काही डंबेलसारखे तर काही खोगिरासारखे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यातलं पिसदुरा हे गाव जीवाश्मशास्त्रात जगभर माहीत झालं, ते या कणांमुळे.

पिसदुऱ्याच्या शेतांमधून लाल चिकणमातीच्या थरातले दगडी गोळे वर येतात. हातात घेतले तर दगडच, पण आकार नीट पाहिला की ओळख पटते. ती डायनोसॉरच्या काळातली विष्ठा आहे, दगड झालेली.

अशा दगडांचा अर्थ लागला तो इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लाइम रीजिस इथं. तिथल्या कड्यांतून जीवाश्म खणून काढणाऱ्या मेरी अ‍ॅनिंग यांना इक्थिओसॉर या सागरी सरीसृपाच्या सांगाड्यात, नेमके पोटाच्या जागी, हे गोळे दिसले. फोडले तर आत माशांची हाडं आणि खवले होते. भूवैज्ञानिक विल्यम बकलंड यांनी १८२९ मध्ये त्यांना ‘कोप्रोलाइट’ हे नाव दिलं, मराठीत विष्ठाश्म. प्राणी कसा दिसत होता हे हाडांवरून कळतं, पण त्यानं काय खाल्लं याचा थेट पुरावा इथं मिळतो. पोटाशी असलेला घास सापडणं फार दुर्मीळ, म्हणून या ओबडधोबड गोळ्यांचं मोल मला सांगाड्याहून कमी वाटत नाही.

विदर्भातली जीवाश्म शोधण्याची परंपरा १८४५ मध्ये नागपुरात आलेल्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यापासून सुरू होते. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी नागपूरच्या आसपासचे खडक पालथे घातले आणि मासे, शिंपले, पानं, फळं असं जे मिळालं ते गोळा केलं. मांगली इथं त्यांना मिळालेल्या एका उभयचराच्या कवटीचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केलं. पिसदुऱ्याचं नावही हिस्लॉप यांच्या लेखनात येतं. १८६३ मध्ये नदी ओलांडताना बुडून त्यांचा मृत्यू झाला. पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांचा पद्धतशीर अभ्यास व्हायला १९३९ साल उजाडलं. भूवैज्ञानिक सी. ए. मॅटली यांनी तेव्हा आकारावरून त्यांचे गट पाडले. त्यातल्या सर्वांत मोठ्या गटाला त्यांनी ‘अ’ म्हटलं.

पण शेणाचा दगड होतोच कसा? एरवी शेण उन्हात वाळतं, किडे खातात, पावसात विरघळतं. ते टिकायचं तर ओलं असतानाच गाळाखाली गाडलं जायला हवं. मग जिवाणूंच्या कामामुळे त्यात फॉस्फेट साचतं आणि गोळा आतून घट्ट होत जातो. मांसाहारी प्राण्याच्या विष्ठेत हाडांमुळे फॉस्फेट मुळातच भरपूर असतं. शाकाहाऱ्याच्या विष्ठेत ते तुटपुंजं, म्हणून तिचे जीवाश्म कमी सापडतात आणि पिसदुरा म्हणूनच महत्त्वाचं. इथं पूर येणारी सपाट जमीन होती, गाळ होता. त्या गाळाचे हे थर म्हणजे लॅमेटा थर. हे नाव जबलपूरजवळच्या लॅमेटा घाटावरून पडलं. पुढे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला आणि हे थर त्याखाली झाकले गेले. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात जीवाश्म शोधून उपयोग नाही, तो तर वितळलेला रस. जीवसृष्टीची खूण राहिली ती त्याच्या खाली, किंवा लाव्ह्याच्या दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात साचलेल्या तळ्यांच्या गाळात. मुंबईच्या वरळीच्या टेकडीत सापडलेले इवलेसे बेडूक याच मधल्या थरांतले.

२००५ मध्ये वनस्पतींच्या जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, स्वीडनहून कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग आणि हबीब अलीमोहम्मदियन व अशोक साहनी यांनी ‘अ’ गटातले गोळे तपासले. (ज्या बिरबल साहनींनी मध्य भारतातल्या वनस्पती-जीवाश्मांच्या अभ्यासाचा पाया घातला, त्यांचे अशोक साहनी हे पुतणे.) फॉस्फेट आम्लात विरघळतं, सिलिका विरघळत नाही. उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा ताड-माडाच्या कुळाचे आणि सूचिपर्णी झाडांचे कण दिसले. तेवढं अपेक्षितच होतं. त्यांच्याबरोबर गवताचेही कण होते, तेही एका नव्हे, किमान पाच प्रकारच्या गवतांचे.

यातलं नवल कळायला त्या आधीची समजूत आठवावी लागते. गवताचे खात्रीचे सर्वांत जुने जीवाश्म साधारण साडेपाच कोटी वर्षांचे, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचे होते. डायनोसॉरच्या पायाखाली गवत रंगवणं ही चित्रकाराची चूक मानली जाई. पिसदुऱ्यानं ते खोटं ठरवलं. शिवाय एकाच ठिकाणी पाच प्रकार, म्हणजे त्यांचा समान पूर्वज त्याहून कितीतरी जुना असणार. पुढे २०१८ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतातल्या एका डायनोसॉरच्या दातांवर दहा कोटी वर्षांहून जुन्या गवताचे कण मिळाले आणि तो अंदाज खरा ठरला.

म्हणून हे डायनोसॉर गाईसारखे चरत होते असं मात्र म्हणता येत नाही. विष्ठेत गवताचा वाटा थोडाच होता. हे शेण टायटॅनोसॉर या लांब मानेच्या महाकाय प्राण्यांचं मानलं जातं आणि त्यांचे काडीसारखे दात चावायच्या कामाचे नव्हते. ते ओरबाडून गिळत. गवताचं पातं इतर पाल्याबरोबर पोटात गेलं असेल. पिसदुऱ्याजवळच्या डोंगरगावच्या टेकडीवर १९८० च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनं याच गटातल्या एका प्राण्याचा सांगाडा खणून काढला. आज त्याला इसिसॉरस म्हणतात, ‘इसि’ म्हणजे त्या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं.

२०११ मध्ये पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांतून आणखी एक निष्कर्ष निघाला. त्यातले काही कण आणि पानाच्या वरच्या सालीचे तुकडे भाताच्या कुळाशी जुळत होते. भारत तेव्हा आशियाला जोडलेला नव्हता, समुद्रातून उत्तरेकडे सरकत होता. त्या जमिनीवरच्या पाणथळ जागांत भाताचे हे दूरचे नातलग उगवत होते. आणि आज त्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या बांध्यांमध्ये दर पावसाळ्यात धानाची रोवणी होते.