मोठ्या आतड्यातल्या साध्या गाठी: आधी शस्त्रक्रिया, मग निदान

मोठ्या आतड्यात गाठ दिसली की पहिली शंका कर्करोगाची येते, आणि ती यायलाच हवी. पण चरबीची गाठ म्हणजे लायपोमा, लसिकावाहिन्यांची गाठ म्हणजे लिम्फँजिओमा, मज्जातंतूच्या आवरणाची गाठ म्हणजे श्वानोमा अशा कर्करोग नसलेल्या गाठीही तिथे क्वचित होतात. विसाव्या शतकात बराच काळ त्यांची खरी ओळख पटायची ती आतड्याचा तुकडा कापून पॅथॉलॉजिस्टकडे गेल्यावर. साध्या गाठीसाठी रुग्णाने तोवर मोठं ऑपरेशन सोसलेलं असायचं.

तेव्हा भिस्त बेरियम एनिमावर, म्हणजे गुदद्वारातून बेरियमचं द्रावण भरून काढलेल्या एक्स-रेवर होती. १९२३ मध्ये फिशर यांनी बेरियमसोबत हवा भरायला सुरुवात केली आणि चित्र स्पष्ट झालं, तरी शेवटी दिसायची ती सावलीच. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला वुल्फ आणि शिन्या यांनी कोलोनोस्कोपमधून, म्हणजे मोठ्या आतड्यात घालायच्या दुर्बिणीतून, तारेच्या फासाने पॉलिप (अस्तरावर उगवलेल्या गाठी) काढले. पोट न उघडता गाठ हाती येऊ लागली.

तरीही अडचण उरलीच. यातल्या बऱ्याच गाठी अस्तराखाली असतात. बायॉप्सीसाठी तुकडा घेणारा दुर्बिणीतला चिमटा वरचंच अस्तर खुडतो आणि रिपोर्ट येतो ‘नॉर्मल’. असा रिपोर्ट म्हणजे निदान नव्हे, हे ठासून सांगायला हवं. लायपोमा मात्र स्वतःची ओळख देतो: चिमट्याने दाबला की उशीसारखा दबतो, सोडला की फुगतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा बायॉप्सी घेतली तर पिवळी चरबी बाहेर डोकावते. सीटी स्कॅनमध्ये चरबीची घनता पाण्याहून कमी, म्हणजे उणे आकड्यात येते, त्यामुळे बहुतेकदा तिथेच प्रश्न मिटतो. अस्तराखालचे थर दाखवणारी एन्डोस्कोपिक अल्ट्रासाउंड १९८० च्या सुमारास आली.

न्यूमॅटोसिस, म्हणजे आतड्याच्या भिंतीतले वायूचे फुगे, याची गोष्ट तर फार जुनी. ड्यू व्हर्नोई यांनी १७३० मध्येच शवविच्छेदनात ते पाहिले होते. दुर्बिणीतून ते पॉलिपसारखे दिसतात. फुगा फुटून वायू पोटात पसरला, तर एक्स-रेवर आतडं फाटल्यासारखं वाटतं. रुग्णाचं पोट मऊ आहे, ताप नाही, हे न पाहता ऑपरेशन ठरवलं तर ते विनाकारण ठरू शकतं.

१९९८ मध्ये हिरोता आणि सहकाऱ्यांनी जिस्ट (पचनमार्गाच्या भिंतीत होणाऱ्या एका वेगळ्या प्रकारच्या गाठी) यांमधले किट जनुकातले बदल दाखवले. त्याआधी स्नायूंच्या गाठी म्हणून नोंदलेल्या अनेक गाठी प्रत्यक्षात जिस्ट होत्या. आता गाठीच्या तुकड्यात ठरावीक प्रथिनं शोधतात: किट आणि डॉग-१ पॉझिटिव्ह आले तर बहुधा जिस्ट, डेस्मिन आलं तर स्नायूची, एस-१०० आलं तर श्वानोमाची शक्यता मोठी. मात्र लायपोमाच्या टोकाला व्रण पडला की तो आजही कर्करोगासारखा दिसतो. अशा वेळी ऑपरेशनआधी सीटी नीट पाहावाच.