इंचटुथिलची छावणी आणि जमिनीत पुरलेले पावणेनऊ लाख खिळे

स्कॉटलंडमध्ये पर्थ शहराच्या उत्तरेस, टे नदीकाठच्या एका सपाट पठारावर इंचटुथिल नावाची जागा आहे. इ.स. ८३ च्या सुमारास रोमन सैन्याने येथे एका संपूर्ण लिजनसाठी, म्हणजे सुमारे पाच हजार सैनिकांसाठी, छावणी उभारायला घेतली आणि चार-पाच वर्षांतच, बांधकाम पुरे होण्यापूर्वी, ती स्वतःच्या हातांनी मोडून टाकली.

ब्रिटनचा सुभेदार अग्रिकोला याने उत्तरेकडील कॅलेडोनियन टोळ्यांवर केलेल्या स्वारीतून हा तळ निर्माण झाला. डोंगराळ मुलुखातून खाली उतरणाऱ्या खोऱ्यांच्या तोंडांवर नजर ठेवणे हे त्याचे काम होते. मात्र याच सुमारास डॅन्यूब नदीच्या सरहद्दीवर डेशियन लोकांनी रोमनांना जबर तडाखे दिले, आणि सम्राट डोमिशियनने ब्रिटनमधील चारपैकी एक लिजन तिकडे हलवली. उरलेल्या तीन लिजनांच्या बळावर इतका दूरचा मुलूख राखणे शक्य नव्हते. उत्खननात सापडलेली इ.स. ८६-८७ मधील नाणी फारशी वापरलेली दिसत नाहीत, त्यावरून सैन्य त्यानंतर लवकरच निघून गेले असे मानले जाते.

पुरातत्त्वज्ञ इयान रिचमंड आणि हवाई छायाचित्रणाचे जाणकार जे. के. सेंट जोसेफ यांनी १९५२ ते १९६५ या काळात येथे उत्खनन केले. इमारती लाकडी होत्या आणि लाकूड केव्हाच नाहीसे झाले होते. पण भिंतींचे खांब रोवण्यासाठी खणलेल्या चरांत नंतर भरलेली माती भोवतालच्या अस्पर्श मातीहून वेगळी असते, त्यामुळे ते चर शोधत गेल्यास इमारतीचा नकाशा उलगडतो. या जागेवर पुढे शहर वसले नाही, म्हणून जवळजवळ २१ हेक्टरांच्या तळाचा आराखडा ६४ बराकी, इस्पितळ, धान्याची सहा कोठारे आणि लोहारशाळा (लोहारकामाची कार्यशाळा) यांसह हाती आला. सेनापतीच्या निवासासाठी राखलेल्या जागेवर मात्र काहीच बांधलेले नव्हते. तळ अल्पायुषी ठरला म्हणूनच तो इतका स्पष्ट दिसतो, असे मला वाटते. दीर्घकाळ नांदत्या तळांवर दुरुस्त्यांचे थर एकमेकांत मिसळतात आणि पहिला आराखडा वेगळा काढणे अवघड होते.

सैन्य घाईने पळाले नव्हते. लाकडी इमारती उकलण्यात आल्या, तटाची दगडी भिंत काढून घेण्यात आली, काचेची आणि मातीची भांडी फोडून गटारांत टाकण्यात आली. लोहारशाळेत मात्र १९६० च्या सुमारास संशोधकांना एक खोल खड्डा लागला. त्यात सुमारे ८,७५,००० खिळे होते आणि वर सुमारे दोन मीटर जाडीची माती घट्ट दाबलेली होती. हाताने घडवलेल्या या चौकोनी छेदाच्या खिळ्यांत बोटाएवढ्या लहान खिळ्यांपासून हातभर लांबीच्या खिळ्यांपर्यंत सर्व आकार होते. कित्येक टन लोखंड दक्षिणेकडे वाहून नेणे कठीण होते आणि मागे सोडावे तर शत्रूचे लोहार त्यातून शस्त्रे घडवतील, हा धोका उघड होता.

विज्ञानाच्या दृष्टीने खरी मौज या ढिगाच्या आत होती. ओलावा आणि ऑक्सिजन यांमुळे लोखंडावर गंज चढतो आणि मूळ धातूपेक्षा गंज अधिक जागा व्यापतो. बाहेरच्या थरातील खिळे गंजताना फुगले, त्यांच्यामधल्या फटी बुजल्या आणि ढिगाभोवती एक कठीण कवच तयार झाले. झिरपणाऱ्या पाण्यातला ऑक्सिजन या बाहेरच्या लोखंडानेच वापरून टाकला. त्यामुळे गाभ्यापर्यंत पोचणाऱ्या पाण्यात तो फारसा उरत नव्हता आणि आतले अनेक खिळे सुमारे १,८७० वर्षांनंतरही जवळपास घडवले तसेच राहिले.

अणुकचरा पोलादी पिंपांत भरून खोल खडकात पुरण्याचा विचार करणारे शास्त्रज्ञ या खिळ्यांचा दाखला देतात, कारण प्रयोगशाळेत गंजाचे प्रयोग फार तर काही दशके चालवता येतात आणि प्रश्न मात्र हजारो वर्षांचा असतो. हा दाखला जपूनच वापरावा लागतो, कारण खिळ्यांचा खड्डा त्या मानाने उथळ, हवा खेळणाऱ्या मातीत होता, तर अणुकचऱ्याची पिंपे शेकडो मीटर खोल, ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या खडकात ठेवायची असतात. तरीही, बाहेरच्या लोखंडाने ऑक्सिजन शोषून आतल्या लोखंडाचे रक्षण करावे, ही प्रक्रिया इतक्या दीर्घ काळात प्रत्यक्ष घडलेली येथे पाहता येते.