ठणका नव्हे, घाम पाहा

विंचू चावला की भोवती जमलेले आधी विचारतात, "ठणका कुठवर चढला?" मांडीपर्यंत चढला म्हणजे विंचू जहरी, असा हिशेब. विषाचा हिशेब मात्र बरेचदा उलटा असतो. मोठा काळा विंचू, ज्याला इंगळी म्हणतात, रात्रभर लोळवतो आणि सहसा सकाळपर्यंत माणूस बरा होतो. लाल विंचवाच्या जीवघेण्या दंशात जागेवरचं दुखणं कधीकधी बेताचंच असतं. अंगावरचे कपडे भिजवणारा घाम, गार पडलेले हातपाय, पुन्हा पुन्हा उलटी, तोंडाला लाळ, यातलं काहीही दिसलं की घड्याळ सुरू झालं असं समजावं. मुलग्यांचं लिंग ताठरतं. घरचे हे सांगायला लाजतात, पण डॉक्टरांसाठी ही फार मोलाची खूण आहे.

नावावर जाऊ नये. लाल विंचू तपकिरी, नारिंगी, फिकट पिवळसरही दिसतो. पुढचे चिमटे बारीक आणि शेपूट जाड, तर तो जास्त विषारी. काळ्याचं उलट असतं: चिमटे दणकट, शेपूट त्या मानाने बारीक. हे फरक लांबूनच पाहायचे. विंचू पकडून दवाखान्यात न्यायची गरज नसते, उपचार लक्षणांवर ठरतात.

विंचवाला हवी असते दिवसा दडायला कोरडी फट, आणि मराठवाड्यातल्या घरात, शेतात अशा फटींना तोटा नाही. माळवदाच्या दगडमातीच्या भिंती, गोवऱ्यांची रास, पऱ्हाट्या-तुराट्यांचा ढीग, कडब्याची गंजी, ताडपत्रीखालचं सोयाबीन. अंधारात गंजीत हात घातला की नांगी बोटावर बसते. कारखान्यावर ऊसतोड मजुरांच्या कोपीत लेकरं पाचटावर, जमिनीलगत झोपतात. तिथे खाट हीच मोठी सोय. नोटा तपासायच्या अतिनील बॅटरीच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो, कारण त्याच्या कवचात तसे रासायनिक घटक असतात. रात्री अंथरूण घालण्याआधी कोपऱ्याकोपऱ्यातून ती एकदा फिरवायला काय हरकत आहे? नुकती कात टाकलेला विंचू मात्र नीट चमकत नाही.

आता घाम का येतो ते पाहू. मज्जातंतूंच्या पेशींवर सोडियम आणि पोटॅशियमची ये-जा होऊ देणारी दारं असतात. लाल विंचवाचं विष सोडियमची दारं मिटू देत नाही आणि पोटॅशियमची काही अडवून धरतं. मग मज्जातंतू थांबतच नाहीत. आधी घाम, लाळ, उलट्या होतात. पाठोपाठ ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय बंद दारावर धडका मारल्यासारखं थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. खोकल्यातून गुलाबी फेस येतो ती ही अवस्था. लहान मुलाच्या अंगात तेवढंच विष वजनाच्या मानाने जास्त पडतं, म्हणून मुलं अधिक दगावतात.

विंचू उतरवणाऱ्याचा मंत्र लागू पडल्यासारखा वाटतो, कारण बहुतेक दंश आपोआपच उतरतात. उरलेल्या थोड्यांमध्ये त्याच्या अंगणात गेलेला तासच महागात पडतो. घट्ट दोरी बांधणं, चिरा देणं, दारू पाजणं यांनी नुकसानच होतं. फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा, रुग्णाला आडवं ठेवावं आणि १०८ ला फोन करावा.

मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडला काम करताना १९८० च्या दशकात प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. गंभीर दंशात पूर्वी शंभरातले तीसएक दगावत. वेळेवर प्राझोसिन मिळू लागल्यावर हे प्रमाण एकाच्या आसपास आलं. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. मुलांना साधारण किलोला ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या लेकराला एक मिलिग्रॅमच्या गोळीची जेमतेम अर्धी. हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा. गोळी साधी हवी. हळूहळू विरघळणारी, दिवसभर पुरणारी गोळी इथे कामाची नाही, आणि दुकानात नेमकी तीच सहज सापडते.

गोळीनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो. आई घाबरून लेकराला उभं कडेवर घेते आणि ते मान टाकतं. म्हणून आडवंच ठेवायचं. घाम-उलट्यांनी गेलेलं पाणी तोंडाने भरून काढावं. सलाईनच्या बाटल्या धडाधड चढवल्या तर फुप्फुसं आणखी भरतात.

विंचूप्रतिविष रक्तात फिरणारं विष बांधतं, म्हणून ते जितकं लवकर तितकं बरं. महाडला ७० रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष मिळालेले सरासरी ८ तासांत सावरले. नुसत्या प्राझोसिनवर सुमारे १८ तास लागले. मात्र फुप्फुसं भरल्यावर ऑक्सिजन, शिरेतून चालणारी औषधं आणि कधी व्हेंटिलेटर लागतो. तेव्हा अंबाजोगाई, नांदेड किंवा संभाजीनगरचं (घाटी) मोठं सरकारी रुग्णालय गाठावं लागतं. पाठवताना चिठ्ठीवर दंशाची वेळ, प्राझोसिन किती आणि किती वाजता दिलं, आणि घाम केव्हा सुरू झाला, एवढं लिहिलेलं असावं.