शालेय नेत्रतपासणी

शाळेतच मुलांची दृष्टी तपासून, दोष आढळलेल्यांना चष्मा किंवा उपचार मिळवून देण्याची व्यवस्था. लहान मूल आपल्याला नीट दिसत नाही अशी तक्रार सहसा करत नाही, कारण सगळ्यांना असेच अंधूक दिसत असेल, अशी त्याची समजूत असते. ते फळ्याजवळ जाऊन बसते, डोळे बारीक करते, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते आणि पुष्कळदा ‘अभ्यासात कच्चे’ ठरते.

भारतात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 मध्ये सुरू झाला. पुढे शालेय तपासणी त्याचा भाग बनली. 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा मुलांची सर्वांगीण तपासणी करतात, त्यातच डोळेही पाहिले जातात.

प्राथमिक तपासणी प्रशिक्षित शिक्षकही करू शकतात. त्यासाठी चांगला उजेड, 6 मीटर अंतर आणि भिंतीवर एक तक्ता एवढे पुरते. अक्षरओळख नसलेल्यांसाठी तक्त्यावर एकच तीन दांड्यांची खूण वेगवेगळ्या दिशांना वळवलेली असते. दांड्या कुठे तोंड करून आहेत ते मूल बोटांनी दाखवते. सर्वसामान्य डोळ्याला 9 मीटरवरून वाचता येणारी ओळ जवळ येऊन 6 मीटरवरून वाचावी लागली, तर ती दृष्टी 6/9 होय. ही ओळही न जमणाऱ्या मुलाला पुढे नेत्रतज्ज्ञांकडे पाठवतात.

तपासणी सोपी दिसते, पण चुकाही इथेच होतात. मूल एक डोळा तळहाताने झाकते आणि बोटांच्या फटीतून बघते. डोळा दाबून धरला असेल, तर त्याची पाळी आल्यावर त्यालाच काही क्षण धूसर दिसते. रांगेतली मुले तर पुढच्याची उत्तरे ऐकून पाठ करतात. म्हणून रांग तक्त्यापासून लांब ठेवावी आणि एकेका डोळ्याला घाई न करता वेळ द्यावा.

सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे लांबचे न दिसणे, अर्थात मायनस नंबर. प्लस नंबरची मुले मात्र या तपासणीतून निसटू शकतात. डोळ्यावर ताण देऊन ती तक्ता वाचून टाकतात आणि अभ्यासाला बसली की त्यांचे डोके दुखते. एका डोळ्याचा नंबर फार जास्त असेल किंवा तिरळेपणा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. साधारण 7-8 वर्षांच्या आत चष्मा देऊन आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून तो बराच सुधारतो. नंतर सुधारणा कठीण होत जाते. त्यामुळे पहिली-दुसरीतल्या मुलांची तपासणी टाळणे अक्षम्य आहे. मुलांचा नंबर काढताना डोळ्यांत थेंब घालणे आवश्यक असते, नाहीतर तो चुकीचा निघू शकतो.

चष्मा वाटला की काम संपले असे मानणे ही या उपक्रमातली सर्वांत मोठी उणीव. पुणे जिल्ह्यातील ग्रामीण विद्यार्थ्यांच्या 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चष्मा मिळून 6 ते 12 महिने झालेल्या मुलांपैकी जेमतेम 30 टक्के मुले तो वापरताना आढळली. नंबर जास्त असलेल्यांत वापर अधिक होता. बाकीच्यांचे चष्मे फुटतात, हरवतात, दप्तरातच राहतात. कधी चिडवण्यामुळे, कधी ‘मुलीला चष्मा लागला तर लग्न कसे जमणार’ या घरच्या धास्तीने. फ्रेम मुलाला स्वतः निवडू दिली, तपासणीच्या दिवशी पालकांना बोलावले आणि महिन्याभराने वर्गशिक्षकाने चष्मा नाकावर आहे ना हे पाहिले, तर वापर वाढायला मदत होते. मूल वाढते तसा नंबरही बदलतो, म्हणून पुढच्या वर्षी त्याला पुन्हा तक्त्यासमोर उभे करावे लागते.