मुठेचं पाणी मोजण्यामागची शंभर वर्षं

मुठेच्या प्रदूषणाची बातमी पुण्यात सतत छापून येते आणि तिच्यात ‘बीओडी’ हा पाण्यातल्या घाणीचा आकडा हमखास असतो. या आकड्याचा जन्म मात्र मुठेकाठचा नाही.

सांडपाण्याची विल्हेवाट कशी लावायची हे ठरवण्यासाठी १८९८ साली ब्रिटनमध्ये रॉयल कमिशन नेमलं गेलं. घाण कुजताना जिवाणू पाण्यातला किती प्राणवायू खातात, त्यावरून घाण मोजायची, ही बीओडीची पद्धत त्या कमिशनने रूढ केली. नमुना पाच दिवस ठेवायचा, कारण तिथल्या नद्या तेवढ्या वेळात समुद्राला मिळतात, असं सांगतात. १९१२ च्या अहवालात कमिशनने नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी मर्यादा घालून दिली: बीओडी लिटरला २० मिलिग्रॅम, तरंगता गाळ ३०. त्यात गृहीत असं होतं, की सोडलेल्या पाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी नदीत वाहतं आहे.

आपल्याकडच्या उष्ण हवेसाठी चाचणी बदलून २७ अंशांना तीन दिवस अशी झाली. आठपटीचं गणित मात्र मुठेला लागूच पडत नाही. खडकवासल्याचं पाणी शहराच्या नळांत आणि कालव्यात जातं. पावसाळा सोडला तर धरणाखाली पात्रात जे वाहतं ते मुख्यतः पुणेकरांनी वापरून सोडलेलं.

कायद्याच्या बाबतीत महाराष्ट्र केंद्राच्या पुढे होता, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ चा, प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० चं. केंद्राचा कायदा आला १९७४ मध्ये. पुढे देशभर नमुना केंद्रांचं जाळं उभं राहिलं. मुठेवर विठ्ठलवाडी, डेक्कनचा पूल, संगम पूल, मुळेवर औंध आणि हॅरिस पूल, खाली, दोन्ही मिळून झालेल्या मुळा-मुठेवर, मुंढवा, थेऊर.

नमुना घेण्याची रीत अजूनही बरीचशी जुनीच आहे. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली हवेचा बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरायची, काठावरच तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा. १८८८ ची ही विंकलरची युक्ती. साका पांढरा दिसला, की पुढचं उत्तर प्रयोगशाळेत जायच्या आधीच कळलेलं असतं.

अडचण वेगळीच आहे. केंद्रं बहुतेक पुलांजवळ, कारण तिथे पोचता येतं. आणि नमुना म्हणजे त्या घटकेचं पाणी. सकाळी सगळं शहर आंघोळी उरकत असतं तेव्हाचा प्रवाह आणि दुपारचा प्रवाह एक नसतो. शिवाय घाण येते ओढ्यानाल्यांतून: आंबिल ओढा, नागझरी, भैरोबा नाला, रामनदी. पुलावरचा आकडा बेरीज सांगतो, कुणी किती घातलं ते सांगत नाही. माझ्या मते मोजणी ओढ्याच्या तोंडापासून सुरू व्हायला हवी होती, तीही मैलापाणी वाहिन्यांच्या नकाशासोबत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रातले. मुळा आणि मुठा दोन्ही पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट गटात. या गटात यायला बीओडी ३० च्या वर लागतो. आंघोळीच्या पाण्याला चालतो तो ३. आणि कमिशनने नदीत सोडायच्या सांडपाण्याला दिलेली मर्यादा होती २०! जपानी कर्जाच्या मदतीने ११ नवी शुद्धीकरण केंद्रं बांधायच्या सुमारे ९९० कोटींच्या योजनेला केंद्राने २०१६ च्या जानेवारीतच मंजुरी दिली होती. यादी निघाली तेव्हा ती केंद्रं उभी राहिलेली नव्हती.

थेऊरच्या पुढे मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनी धरणात थांबते, आणि सोलापूरच्या नळाला पाणी येतं ते उजनीतून.