पार्श्वभूमी : इंग्लंडच्या पानझडी रानांत कोणाला शिरता येतं?

एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत दक्षिण इंग्लंडमधली ओक, बीच आणि हेझलची रानं ब्लूबेलने निळी होतात. झाडांना पालवी येऊन सावली दाट होण्याआधी जमिनीपर्यंत ऊन पोचतं, तेवढ्या मुदतीत या फुलांना सगळं उरकायचं असतं. शनिवार-रविवारी माणसं लोटतात ती याच दिवसांत, आणि जुना वादही याच दिवसांत पुन्हा वर येतो. एका रानात हवं तिथे हिंडता येतं. मैलभरावरच्या तशाच रानात मात्र पायवाटेच्या दोन्ही अंगांना ‘खासगी’ अशा पाट्या. झाडं तीच, फुलं तीच. हा फरक कायद्याने पडलेला आहे, आणि त्यातला मोठा भाग २००० साली घेतलेल्या एका निर्णयाचा आहे.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. १०८६च्या डूम्सडे नोंदींवरून, म्हणजे राजाने करवलेल्या जमीनपाहणीवरून, काढलेला अंदाज असा की इंग्लंडच्या जेमतेम १५ टक्के जमिनीवर तेव्हा झाडी होती. म्हणजे घनदाट आदिम अरण्य त्या काळातही फारसं उरलेलं नव्हतं. होती ती राबती रानं. हेझल बुंध्याशी तोडायचा, उसाच्या खोडव्यासारखे त्याला नवे फुटवे येऊ द्यायचे आणि सात-आठ वर्षांनी ते पुन्हा तोडायचे. कुंपणाच्या काठ्या, सरपण, कोळसा सगळं त्यातून निघे. रानात ऊन पोचे तेही या तोडीमुळेच, आणि ब्लूबेल तिच्यावरच पोसले. १२१७च्या वनसनदेने राजाच्या शिकारी प्रदेशांत राहणाऱ्या मोकळ्या प्रजेला चराईचे, सरपणाचे, डुकरांना ओकची फळं चारण्याचे हक्क परत दिले. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत गावकीच्या जमिनींना कुंपणं पडली आणि त्यातले बरेचसे हक्क गेले. शिकारचोरांसाठी रानात माणसाचा पाय पकडणारे सापळे आणि आपोआप उडणाऱ्या बंदुका लावण्याची पद्धत इतकी रुळली होती की ती बंद करायला १८२७ साली कायदा करावा लागला.

इथून पुढे १८७८वर यायला हवं. लंडनच्या ईशान्येला असलेल्या एपिंगच्या रानाचे तुकडे जमीनदार एकामागून एक कुंपणात घेत होते. गावकऱ्यांचा हिवाळ्यात फांद्या तोडण्याचा हक्क होता. तो बजावला म्हणून काही मजुरांना तुरुंगात जावं लागलं. शहराच्या कारभाऱ्यांनी जवळच दफनभूमीसाठी घेतलेल्या जमिनीला चराईचा हक्क जोडलेला होता. त्या धाग्यावर त्यांनी जमीनदारांना कोर्टात खेचलं आणि १८७४ मध्ये ते जिंकले. चार वर्षांनी कायदा झाला : हे रान लोकांच्या करमणुकीसाठी कायम मोकळं राहील. ‘रान पाहायला जाणं’ या गोष्टीला इंग्लंडमध्ये मिळालेल्या पहिल्या मोठ्या कायदेशीर आधारांपैकी हा एक. पण त्याची किंमतही होती. मजुरांचा फांद्या तोडण्याचा हक्क भरपाई देऊन संपवण्यात आला. तोड थांबली, हॉर्नबीम आणि बीचची डोकी वर जाऊन भिडली, खाली अंधार झाला. शहरी फिरस्त्यांसाठी रान वाचलं, पण ज्या कामातून ते घडलं होतं ते काम संपलं.

आपल्याकडे त्याच १८७८ साली वन कायदा आला, तो नेमका उलट दिशेने जाणारा. लंडनकरांसाठी रान खुलं करणाऱ्या राजवटीने हिंदुस्थानात ‘राखीव’ जंगलं आखून गावांच्या चराईवर आणि लाकूडफाट्यावर टाच आणली. त्यातून पुढे महाराष्ट्रात जंगल सत्याग्रह झाले आणि १९३० मध्ये चिरनेरला गोळीबार झाला. सरकारी वनखातंही हिंदुस्थानात आधी, १८६४ साली, सुरू झालं. इंग्लंडला स्वतःचं सरकारी वनखातं मिळायला १९१९ उजाडलं. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी लाकडाची आयात अडवल्यावर खंदकांना आणि कोळशाच्या खाणींना लाकूड पुरेना. देशात झाडी उरली होती पाच टक्क्यांच्या आसपास.

त्या खात्याला लाकूड हवं होतं, तेही लवकर. म्हणून सूचिपर्णी झाडं आली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत शेकडो वर्षांच्या ओकवनांत विष घालून झाडं मारली गेली आणि तिथे सूचिपर्णी रोपांच्या रांगा लागल्या. पानझडी झाडांच्या बाजूने धोरण वळलं ते १९८५ साली. लोकांना आत घेण्याबाबत मात्र हे खातं सुरुवातीपासून तसं उदार होतं, १९३८ मध्ये त्याने डीनचं रान लोकांच्या फिरण्यासाठी खुलं केलं. खासगी रानांचं तसं नव्हतं.

१९३२ साली किंडर स्काउट या खासगी डोंगरमाळावर फिरस्त्यांनी बंदी मोडून केलेला सामूहिक प्रवेश आणि १९४९चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यामुळे इथे एवढंच : १९४९च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटा नकाशावर पक्क्या केल्या. रानातून पायवाट जात असेल तर तिच्यावरून चालायचा हक्क पक्का झाला, पण पायवाट सोडली की माणूस परक्याच्या हद्दीत.

आता २००० सालाकडे. निवडणुकीत दिलेलं वचन पाळत सरकारने ग्रामीण भाग आणि पायवाटांचा कायदा आणला. त्याने पायी, कुठेही, पायवाट सोडूनही हिंडण्याचा हक्क दिला, तो पाच प्रकारच्या जमिनींवर : डोंगर, मूर म्हणजे ओसाड माळ, हीथची झुडपी जमीन, डाउन म्हणजे गवताळ टेकड्या, आणि नोंदलेल्या गावकीच्या जमिनी. यादी इथेच संपते. रानं तिच्यात नाहीत.

का नाहीत? जमीनमालकांची कारणं ठरलेली होती : फेझंट या पक्ष्याची शिकार, घरटी करणारे पक्षी, झाडतोड सुरू असताना होणारे अपघात. त्यांत तथ्य नाही असं नाही. पण घरटी मूरवरही असतात, शिकार तिथेही चालते. तिथे कायद्याने त्याची सोय केलीच : मार्च ते जुलै कुत्र्याला आखूड दोरीला बांधा, आणि गरज पडेल तेव्हा मालकाने काही दिवस प्रवेश बंद ठेवावा. हीच तजवीज ओकच्या झाडांखाली का चालली नसती, याचं पटेल असं उत्तर तेव्हा मिळालं नाही आणि पुढेही मिळालेलं नाही. फिरस्त्यांच्या चळवळीची कित्येक दशकांची मागणीच मूरची होती आणि सरकारने मागितलं तेवढं दिलं, असं मानायला जागा आहे. रानं, नदीकाठ, समुद्रकिनारा यांचं नंतर पाहू असा सूर होता. किनाऱ्याचं नंतर खरंच पाहिलं गेलं, २००९ साली त्याचा वेगळा कायदा आला. रानांचं राहिलं ते राहिलंच.

परिणाम विचित्र झाला. २००५च्या अखेरीस कायदा सगळीकडे लागू झाला, तेव्हा इंग्लंडची सुमारे आठ टक्के जमीन खुली झाली. तिचा मोठा भाग उत्तरेच्या डोंगराळ पट्ट्यात आणि नैर्ऋत्येच्या माळांवर आहे. सरे हा इंग्लंडमधला सर्वांत दाट झाडीचा परगणा लंडनला लागून आहे. पण तिथल्या माणसाच्या वाट्याला मूर नाही, रानं आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी रानांना हा हक्क लागू नाही. जिथे लोक राहतात तिथे हक्क नाही आणि जिथे हक्क आहे तिथे पोचायला गाडीने चार तास, असा हा हिशेब. स्कॉटलंडने २००३ मध्ये रानांसकट जवळपास सगळी जमीन जबाबदारीने वागण्याच्या अटीवर खुली केली. तिकडची रानं त्यामुळे ओस पडलेली नाहीत.

कायद्यात एक फट होती. मालकाला हवं असेल तर आपली जमीन तो कायमची ‘खुली’ म्हणून घोषित करू शकतो, आणि ती घोषणा पुढच्या मालकालाही बांधते. सरकारी वनखात्याने आपल्या मालकीच्या बहुतेक रानांची तशी घोषणा करून टाकली. पण भाडेपट्ट्यावर घेतलेली रानं तशीच राहिली. शिवाय हक्क फक्त पायी चालणाऱ्याला, सायकलस्वाराला आणि घोडेस्वाराला वेगळी परवानगी.

या बारकाव्यांना किती महत्त्व आहे ते २०१०–११च्या हिवाळ्यात कळलं. काटकसरीवर आलेल्या नव्या सरकारने राष्ट्रीय वनसंपत्ती हातावेगळी करण्याचा बेत जाहीर केला : व्यापारी जंगलं दीडशे वर्षांच्या पट्ट्याने द्यायची, न्यू फॉरेस्ट आणि डीनसारखी मानाची रानं धर्मादाय संस्थांकडे सोपवायची. फिरण्याचा हक्क अबाधित राहील, असं मंत्री सांगत होते. कागदावर ते बरंचसं खरंही होतं. पण पार्किंग कोण चालवणार, पायवाटेवर पडलेलं झाड कोण उचलणार, सायकलवाल्यांचं काय, हे त्या कागदावर नव्हतं. पाच लाखांहून अधिक सह्यांचं निवेदन गेलं. डीनच्या रानात भर जानेवारीत माणसं जमली. १७ फेब्रुवारी २०११ रोजी मंत्र्यांनी लोकसभागृहात चूक कबूल करून बेत मागे घेतला. त्यानंतर एका बिशपच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०१२च्या तिच्या अहवालाने रानं जनतेचीच राहावीत असा कौल दिला.

त्या विजयाचं कौतुक व्हायचं तेवढं झालं. पण वाचलं ते आधीपासून खुलं होतं तेच, इंग्लंडच्या झाडीचा पाचवा हिस्साही नाही. उरलेल्या खासगी रानांबद्दल त्या गदारोळात फारसं कोणी बोललं नाही. २०२३ मध्ये तेव्हाच्या विरोधी पक्षाने स्कॉटलंडसारखा हक्क आणण्याचं वचन दिलं आणि त्याच वर्षी ते मागेही घेतलं.

दरम्यान झाडं लावण्याचं उद्दिष्ट वाढत गेलं आहे. २०५० पर्यंत इंग्लंडची साडेसोळा टक्के जमीन झाडांखाली आणायची, असं ठरलं आहे. २०१२ पासून पसरलेल्या रोगाने ॲशची झाडं मरत असताना हे करायचं आहे. नव्या लागवडीसाठी मालकांना सरकारी तिजोरीतून अनुदान मिळतं. लोकांना आत फिरू दिलं तर वर जास्तीचे पैसे मिळतात, आणि फिरू दिलं नाही तरी मूळ अनुदान सुरूच राहतं.