लग्नानंतरची प्रेमकथा (मराठी नाटक व चित्रपट)

लग्न होऊन संसाराला लागलेल्या जोडप्यातले प्रेम आटते कसे, टिकते कसे आणि पुन्हा जागे होते कसे, हा विषय असलेल्या सुखात्म नाटक-चित्रपटांचा प्रकार. नेहमीची प्रेमकथा अंतरपाट दूर झाला की संपते. ही तिथून सुरू होते. त्यामुळे लेखकाची मोठी पंचाईत होते. आईवडिलांचा विरोध, पत्रिका, पैसा ही ठरलेली विघ्ने लग्न लागताच निकालात निघालेली असतात. मग दोघांच्या मध्ये आणायचे तरी काय? मराठीत या प्रश्नाला दर काही दशकांनी वेगळे उत्तर मिळत गेले आहे.

जुने उत्तर म्हणजे संशय. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ गंधर्व नाटक मंडळीने १९१६ मध्ये रंगभूमीवर आणले. हेच कथानक देवलांनी १८९३ मध्ये गद्य प्रहसन म्हणून लिहिले होते. मूळ फ्रेंच नाटककार मोल्येरचे, तिथून आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकात आणि मग मराठीत असा त्याचा प्रवास. अश्विनशेठ आणि रेवती ही नाटकातली प्रेमी जोडी; घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो आणि नेमके तेवढेच त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीपाशी असलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, ती तिच्या हातात पाहून फाल्गुनरावाचे डोके फिरते. लोकांच्या ओठांवर गाणी राहिली ती अश्विनशेठ आणि रेवतीची, पण नाटक चालते ते या मुरलेल्या नवरा-बायकोच्या जिवावर. एकमेकांवर इतका संशय घेणारी माणसे एकमेकांबद्दल बेफिकीर तर नक्कीच नसतात, ही देवलांची गंमत आजही लागू पडते.

‘मुंबईचा जावई’ (१९७०, दिग्दर्शक राजा ठाकूर) या चित्रपटात संशयाला वावच नाही, कारण दोघांना एकटे बसायलाच जागा नाही. नवी सून मुंबईच्या चाळीतल्या भरल्या खोलीत येते आणि नवरा-बायकोला चार शब्द बोलायचे तर सगळ्या घराची झोपायची व्यवस्था आधी लावावी लागते. इथे खलनायक कोणीच नाही. सासू प्रेमळ, दीर-जाऊ समजूतदार, आणि तरीही अडचण सुटत नाही. विनोद सगळा त्यातून येतो. ग. दि. माडगूळकरांची गीते आणि सुधीर फडक्यांचे संगीत असलेला हा चित्रपट इतका चालला की बासू चटर्जींनी १९७२ मध्ये तो हिंदीत ‘पिया का घर’ म्हणून पुन्हा केला.

सचिन पिळगावकरांच्या ‘नवरा माझा नवसाचा’मध्ये (२००४) मधली अडचण म्हणजे नवऱ्याच्या वडिलांनी बोललेला, फेडायला महा लाजिरवाणा नवस. गणपतीपुळ्याच्या एसटीत बायको नवऱ्याची मनधरणी करत राहते. सचिन आणि सुप्रिया पिळगावकर हे खरोखरीचे दांपत्य पडद्यावरही नवरा-बायको होते. खऱ्या जोडीला घेऊन अशी गोष्ट सांगायची रीत पुढेही चालू राहिली. नाटकात मात्र खऱ्या संसाराची अट नाही: प्रशांत दामले आणि कविता लाड ‘एका लग्नाची गोष्ट’नंतर २०१८ मध्ये ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ घेऊन आले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांना जुनेच शेजारी भेटावेत तसे स्वीकारले.

प्रकाराचे नाव ज्याने थेट शीर्षकाखाली मिरवले तो चित्रपट ‘टाइम प्लीज – लव्हस्टोरी लग्नानंतरची’ (२०१३). क्षितिज पटवर्धन यांच्या ‘नवा गडी नवं राज्य’ या नाटकावर बेतलेला हा समीर विद्वांस यांचा पहिला चित्रपट. हृषीकेश (उमेश कामत) आणि अमृता (प्रिया बापट) यांचे लग्न ठरवून झालेले. म्हणजे ओळख, प्रेम आणि भांडण एकाच वेळी सुरू. त्यात अमृताचा बालमित्र हिंमतराव (सिद्धार्थ जाधव) घरात येतो. मोठ्याने बोलणारा, मोकळाढाकळा, कसलाही आडपडदा नसलेला हा माणूस हृषीकेशला खुपतो, कारण त्याला अमृताबद्दल जे ठाऊक आहे ते नवऱ्याला नाही. संशयकल्लोळाचाच हा वारसा, फरक एवढाच की इथे गैरसमज तसबिरीचा नाही. बायकोला आपल्याआधीही आयुष्य होते, हे पचवण्याचा आहे. राधिका (सई ताम्हणकर) ही तोल साधायला आणलेली दुसरी बाजू मात्र हिंमतरावाइतकी भरत नाही. कामत आणि बापट यांचे लग्न २०११ मध्ये झाले होते, आणि मूळ नाटकातही हीच जोडी होती.

विद्वांस यांनीच ‘डबल सीट’मध्ये (२०१५) जागेचा प्रश्न पुन्हा काढला: लालबागची चाळ, रोह्याहून आलेली बायको आणि स्वतःच्या घराचे स्वप्न. सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ने २०१० ते २०१८ या काळात एकाच जोडप्याला पहिल्या भेटीपासून बाळाच्या चाहुलीपर्यंत तीन भागांत नेले. कामत-बापट यांच्याच ‘आणि काय हवं’ या वेबमालिकेत (२०१९–२०२१, दिग्दर्शक वरुण नार्वेकर) तर मध्ये कोणी येतच नाही. जुई आणि साकेत यांची पहिली गाडी, पहिले घर, एवढ्यावर अख्खा भाग उभा राहतो. विघ्नाशिवाय प्रेमकथा चालते, हे त्यातून दिसले. तिला कंटाळवाणे न होऊ देणे हे अर्थात संवादलेखकाचे काम.

प्रकाराच्या मर्यादाही उघड आहेत. पात्रे बहुतेक मुंबई-पुण्याची, पगारदार. शरीरसंबंधाचा विषय आला की तो थट्टेवारी नेला जातो किंवा दार बंद होते. आणि समजूत घालायची पाळी कुणाची, याचा हिशेब मांडला तर तो बहुधा बायकोकडेच जास्त निघतो.